वाहनाचें दार आणि अपंग प्रवासी

गोदावरीच्या कांठीं आंधळीं, पांगळीं आणि वृद्ध माणसें पूर्वापार येत आलेलीं आहेत. आगगाडी नव्हती तेव्हां त्यांच्यासाठीं डोली, बैलगाडी किंवा मुलाची पाठ एवढींच वाहनें होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जी. आय. पी. रेल्वे थळ घाट चढून नाशकाच्या बाजूस आली. पुढें स्टेशनापासून गांवापर्यंत घोड्यांची ट्रामहि कांहीं काळ धांवली. यात्रेकरूंचे हाल त्यामुळें संपले असें कोणी म्हणणार नाहीं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील गर्दी कशी असे, हें जुन्या लोकांकडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. परंतु एक गोष्ट नवी घडली. तिकीट विकणारा कारकून खिडकीबाहेरच्या माणसाचे हातपाय धड आहेत कीं नाहींत, हें पाहत नसे. कोणास नेण्याचें नाकारतां येईल, याची तरतूद १८९० च्या रेल्वे कायद्यांत होती, आणि त्यांत सांसर्गिक रोग्याचा उल्लेख होता. लंगडेपण शेजाऱ्यास चिकटत नाहीं, एवढें त्या कायद्याच्या कर्त्यांस ठाऊक होतें.

या व्यवहारामागें इंग्रजी कायद्यांतील एक जुनें तत्त्व होतें. जो मनुष्य भाडें घेऊन सर्व लोकांसाठीं वाहन चालवितो, त्यानें जागा असतांना आणि भाडें मिळत असतांना सबळ कारणावांचून कोणास परत लावूं नये, असें तें तत्त्व. आपल्या रस्त्यांवर मात्र तें फारसें उतरलें नव्हतें. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या आठवणींत दोन प्रसंग नमूद केले आहेत. १९०१ सालीं मसूर स्टेशनावर उतरलेल्या त्या लहान मुलांची जात कळतांच एकहि गाडीवान त्यांना गोरेगांवास नेण्यास तयार होईना. अखेरीस दुप्पट भाडें घेऊन, आणि गाडी मुलांनींच हांकावी या अटीवर, एक जण कबूल झाला. तो स्वतः गाडीबरोबर पायीं चालला. दुसरा प्रसंग १९२९ सालचा, आपल्या नाशकाहून भुसावळच्या वाटेवरील चाळीसगांवचा. तेथील टांगेवाल्यांनीं त्यांचा टांगा हांकण्यास नकार दिला, म्हणून टांगा हांकण्याची संवय नसलेला एक मनुष्य पुढें बसला. नदीवरील मोरीपाशीं टांगा आदळला, डॉ. आंबेडकर दगडांवर फेंकले गेले, आणि त्यांच्या पायाचें हाड मोडलें. धडधाकट माणसास लंगडत चालावें लागलें, तें वाहन नाकारल्यामुळें!

हा नकार तिरस्कारापोटीं आलेला होता, आणि तो तसा ओळखूंहि येत असे. विमानाच्या दारांत अपंगांस जो नकार मिळत आला, त्यानें काळजीचा वेष धारण केलेला आहे. 'आपल्याच सुरक्षिततेसाठीं' असें म्हणून कोणी उठवूं लागला, तर त्याच्याशीं भांडावें तरी कसें?

विमानाचा कायदाहि निराळ्या मुशींतून निघाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून जुहूपर्यंत विमान आणलें, तेव्हां त्यांत टपालाच्या पिशव्या होत्या. त्या काळच्या चिमुकल्या विमानांत शेर-शेर वजनाचा हिशेब करावा लागे, आणि कोणास बसवावें हें चालविणाऱ्यानेंच ठरवावें, हें त्या वेळीं रास्तहि होतें. याच सुमारास, १९२९ सालीं, वॉर्सा येथें आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासाचा करार झाला. प्रवाशास इजा झाल्यास किती भरपाई द्यावी, याचा त्यांत सविस्तर विचार आहे; पण ३३ व्या कलमानें, प्रवासाचा करारच करण्याचें नाकारण्याचा वाहकाचा हक्क अबाधित ठेवला. हिंदुस्थानांत १९३४ च्या कायद्यानें हा करार लागू झाला. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारांतहि तें कलम थोड्या फरकानें उतरलें. हे करार परदेशच्या प्रवासाचे खरे, परंतु दार आपलें आहे ही वृत्ति कंपन्यांच्या अंगीं सर्वत्रच मुरली.

यांतील विसंगति पाहावयाची असेल, तर डग्लस बेडर या इंग्रज वैमानिकाकडे पाहावें. १९३१ सालीं विमान कोसळून त्याचे दोन्ही पाय गेले. सैन्यानें त्याला निवृत्त केलें. पण महायुद्ध सुरू होतांच त्याला परत घेतलें, आणि १९४० च्या इंग्लंडवरील हवाई युद्धांत तो लांकडी पायांचा नव्हे, तर धातूच्या कृत्रिम पायांचा वैमानिक लढाऊ विमानें चालवीत होता. पाय नसलेला मनुष्य विमान चालवूं शकतो हें सिद्ध झाल्यावरहि, पाय नसलेल्यानें विमानांत नुसतें बसावें कीं नाहीं, याचा वाद पुढें अनेक दशकें चालला.

तो वाद कायद्याच्या रणांगणांत नेला, तो अमेरिकेंतील युद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांनीं. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेनें अपंगांस वगळूं नये, असा तेथें कायदा होता. १९८६ च्या जून महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं सरकारी पैसा मिळतो तो विमानतळांना; विमान कंपन्यांना नव्हे; सबब तो कायदा त्यांना लागू नाहीं. निकाल शब्दशः बरोबर असेल. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमेरिकन काँग्रेसनें नवा कायदा करून कंपन्यांची ती पळवाट बंद केली. युरोपांतील राष्ट्रसंघानें २००६ सालीं असाच नियम केला. सुरक्षिततेचें खरें कारण असेल, किंवा विमानाचें दारच अरुंद असेल, तरच नकार देण्याची मुभा त्यांत आहे.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत आगगाडी, बस, जहाज आणि विमान हीं अपंगांस सोयीचीं करावींत, असें ४४ वें कलम होतें. मात्र 'आपल्या आर्थिक मर्यादेंत' असे शब्द त्याच्या जोडीला होते. आणि ज्या कलमांत असे शब्द असतात, त्याचें पुढें काय होतें हें शाळांच्या इमारतींवरूनहि कळून येईल. २००७ सालीं भारतानें संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क करारास मान्यता दिली. त्यानंतर मे २००८ मध्यें नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें स्पष्ट नियम काढला: कोणत्याहि कंपनीनें अपंग प्रवाशास, त्याच्या उपकरणांस किंवा त्याच्या सोबत्यास नेण्याचें नाकारूं नये, जो स्वतः प्रवास करण्यास समर्थ आहे, त्याच्यावर सोबती लादूं नये.

नियम छापला गेला; विमानाच्या दारापर्यंत तो पोंचला कीं नाहीं, हें चार वर्षांनीं कळून आलें. १९ फेब्रुवारी २०१२ रोजीं कलकत्त्याहून गोव्यास जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानांत श्रीमती जीजा घोष बसल्या होत्या. सेरेब्रल पाल्सी या जन्मजात अवस्थेमुळें त्यांच्या स्नायूंवर आणि बोलण्यावर परिणाम झालेला आहे. परंतु त्या उच्चशिक्षित असून अपंगांच्या हक्कांसाठीं काम करतात, आणि गोव्यास त्या निघाल्या होत्या त्या याच विषयावरील परिषदेसाठीं. परिषद भरविली होती मुंबईच्या 'अडॅप्ट' या संस्थेनें. १९७२ सालीं डॉ. मिठू अलूर यांनीं स्थापन केलेली 'स्पॅस्टिक्स सोसायटी' ती हीच. बाई आपल्या जागेवर बसलेल्या असतांना नोकरांनीं येऊन त्यांचा प्रवेशपास मागितला आणि त्यांना उतरण्यास सांगितलें. त्यांनीं अश्रु ढाळीत विनवणी केली, परिषदेचें सांगितलें. उपयोग झाला नाहीं. त्यांची प्रकृति बरी दिसत नव्हती, असें कंपनीचें म्हणणें पडलें. पण डॉक्टरास बोलावून विचारावें, हें कोणास सुचलें नाहीं. त्या धक्क्यानें बाईंचें खाणें आणि झोंप उडाली. दुसऱ्या दिवशींहि त्यांना निघतां आलें नाहीं, आणि परिषद हुकली ती हुकलीच.

'अडॅप्ट' आणि श्रीमती घोष यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. कंपनीचा मुख्य आधार वैमानिकाच्या अधिकारावर होता, आणि तो अधिकार असावयासच हवा. आकाशांत आजारी पडलेल्या प्रवाशाची जबाबदारी शेवटीं त्याच्याच शिरावर येते. परंतु अधिकार वापरण्यापूर्वीं खात्री करून घेण्याचें कर्तव्यहि त्यासोबत येतें. १२ मे २०१६ रोजीं न्या. सिक्री आणि न्या. अग्रवाल यांनीं निकाल दिला, कीं ही वागणूक असंवेदनशील आणि नियमबाह्य होती. कंपनीनें दहा लक्ष रुपये भरपाई द्यावी. सव्वाचार वर्षें लागलीं. मध्यंतरीं सरकारनें अशोक कुमार समिति नेमली आणि २०१४ सालीं नियम सुधारले. समितीच्या वगळलेल्या शिफारशींचा पुन्हा विचार करावा, असेंहि न्यायालयानें सांगितलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संसदेनें दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत केला.

इतकें होऊनहि ७ मे २०२२ रोजीं रांचीच्या विमानतळावर इंडिगो कंपनीनें एका अपंग मुलास हैदराबादच्या विमानांत चढूं दिलें नाहीं. मूल घाबरलेलें आहे, इतर प्रवाशांस त्याचा धोका होईल, असें कारण सांगण्यांत आलें. आईबापांनीं त्याच्याविना जाण्याचें नाकारलें. सहप्रवासी त्यांच्या बाजूनें बोलले. दुसऱ्या दिवशीं तेंच कुटुंब त्याच कंपनीच्या विमानानें गेलें. एका रात्रींत त्या मुलाचें अपंगत्व कांहीं नाहींसें झालेलें नव्हतें. महासंचालनालयानें चौकशी करून कंपनीस पांच लक्ष रुपये दंड केला, आणि त्याच वर्षीं जुलैंत नियमाला नवी जोड दिली: प्रवाशाची प्रकृति हवेंत बिघडेल असें कंपनीस वाटलें, तर डॉक्टरानें त्यास समक्ष तपासून तो प्रवासास योग्य आहे कीं नाहीं, हें स्पष्ट सांगावें, आणि त्यानंतरहि नकार द्यावयाचा झाल्यास तो ताबडतोब, कारणांसह, लेखी द्यावा.

नाशकाच्या ओझर येथें १९६४ सालीं मिग विमानांचा कारखाना निघाला, आणि २०१७ च्या अखेरीस 'उडान' योजनेखालीं तेथून प्रवासी विमानेंहि सुरू झालीं. हाच नियम तेथील दारालाहि लागू आहे. चाकाच्या खुर्चीची किंवा अन्य मदतीची गरज असेल, तर अठ्ठेचाळीस तास अगोदर कंपनीस कळवावें, अशी त्यांत प्रवाशाकडून अपेक्षा आहे. कळविल्याची नोंद प्रवाशानें जवळ ठेवावी. तिकीट घेतल्यावर निर्गमनकक्षापासून विमानांतील आसनापर्यंत, आणि उतरल्यावर बाहेरच्या दारापर्यंत, त्याला निराळा पैसा न घेतां पोंचविणें हें कंपनीचें काम आहे.