ड्रॅगन कुठल्या धातूचा?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळणारी पोरं ड्रॅगनचं कूळ त्याच्या खवल्यांवरून ओळखतात. लाल, निळा, हिरवा, काळा, पांढरा यांपैकी कुठला समोर आला की समजायचं, हा दुष्ट. अंगावर धातूची झळाळी असेल तर सज्जन. सज्जनांतही पुन्हा उतरंड आहेच. सोनं सगळ्यांच्या वर, खाली चांदी, मग ब्राँझ आणि तांबं, आणि तळाला बिचारं पितळ. ही उतरंड कुठून आली असेल? मला तरी वाटतं, खेळाच्याच पैशांच्या थैलीतून. या खेळात नाणी तांब्याची, चांदीची, सोन्याची आणि सगळ्यांत महाग प्लॅटिनमची. ड्रॅगनची रांग लावणारा माणूस सराफाच्या नजरेनं बघत होता. ओताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं ही रांग अशी लावली नसती.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाजारात आला, तेव्हा धातूचा ड्रॅगन एकच होता, सोन्याचा. बाकी पाच रंगांचे. पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' ही पुरवणी निघाली आणि तिच्यातून चांदी, ब्राँझ, तांबं, पितळ अशी भावंडं आली. शिवाय या सगळ्यांचा राजा, प्लॅटिनमचा. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात या राजाचं बारसं झालं, नाव बहामुत. दुष्टांच्या पाच डोक्यांच्या राणीला तियामत म्हटलं गेलं. नावं दोन्ही उसनी. तियामत ही बाबिलोनच्या सृष्टिकथेतली खाऱ्या पाण्याची आदिमाता. बहामुत तर ड्रॅगनच नव्हे. अरबी विश्वरचनेतला तो अजस्र मासा. त्याच्या पाठीवर बैल उभा आणि त्या बैलाच्या आधारानं पृथ्वी. आपल्या शेषाचा लांबचा भाऊबंदच म्हणायचा. माशाला खवले होतेच, प्लॅटिनमचा मुलामा अमेरिकेत चढला.

पण पाच-सहा धातूंवर समाधान मानतील तर ते खेळाडू कसले! पाऱ्याचा ड्रॅगन आला, स्वभावानं अर्थातच लहरी. पोलादाचा आला. तो माणसाचं रूप घेऊन भर शहरात बिऱ्हाड करून राहतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागू देत नाही. १९९१ साली 'ड्रॅगन' मासिकानं लोखंड, निकेल, क्रोमियम, कोबाल्ट, टंगस्टन असा आख्खा कळपच सोडला. त्यात काही चांगले, काही वाईट. म्हणजे धातू तो सज्जन हा जुना नियमही मोडला. २००९ मध्ये तर राज्यक्रांती झाली. नव्या आवृत्तीच्या मुख्य यादीतून पितळ आणि ब्राँझ खाली उतरले आणि त्यांच्या जागी लोखंड आणि ॲडमंटाइन नावाचा काल्पनिक धातू बसला. जुन्या खेळाडूंना हे रुचण्यासारखं नव्हतंच. त्याच वर्षी निघालेल्या 'ड्रॅकोनोमिकॉन' या पुस्तकात दोघांना परत जागा मिळाली आणि २०१४ च्या आवृत्तीत जुने पाच पुन्हा गादीवर आले.

मला यातला १९९१ चा कळप सगळ्यांत भावतो, कारण ती यादी आमच्या खडकवासल्याच्या ओळखीची आहे. तोफेच्या नळीचं आजचं पोलाद निकेल, क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम घालून करतात. रणगाड्याचं चिलखत भेदणाऱ्या बाणासारख्या गोळ्याचा गाभा बऱ्याचदा टंगस्टनच्या मिश्रधातूचा असतो. तलावाकाठी गिरीनगरला १९६७ पासून शस्त्रास्त्रविद्येची संस्था आहे. आज तिचं नाव डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी. लष्करी अधिकारी आणि शास्त्रज्ञ तिथं धातुशास्त्रही शिकतात. तिथल्या फळ्यावर त्या कळपातले पाच धातू लिहिले तर ड्रॅगन कुणाच्या मनातही येणार नाही, तोफ येईल.

आणि तोफेचा विषय निघाला की आपल्याकडच्या खऱ्याखुऱ्या धातूच्या ड्रॅगनकडे जावंच लागतं. तो जन्मला अहमदनगरला, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानीत. रूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुर्की ओताऱ्यानं तो ओतला. नाव मलिक-ए-मैदान, रणभूमीचा राजा. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, वजन ५५ टन सांगतात. तोंडाशी उभं राहून बघावं. नळीचं टोक म्हणजे आ वासलेला जबडा, वर वटारलेले डोळे, आणि सुळ्यांच्या मधे चिरडला जाणारा हत्ती. तोफ उडायची तेव्हा धूर आणि आग या जबड्यातून बाहेर पडायची.

पुस्तकांत या तोंडाला कुणी सिंह म्हणतं, कुणी ड्रॅगन. मला त्यात शरभ दिसतो, हत्तींना लोळवणारा तो काल्पनिक प्राणी. जंजिऱ्याच्या महादरवाज्यावरचं शिल्प आठवा: चार पंजांत चार हत्ती, एक तोंडात, एक शेपटीत. हत्ती म्हणजे शत्रूचं बळ, आणि ते खाणारं जनावर आपल्या दारावर. दख्खनच्या किल्ल्यांवर ठिकठिकाणी दगडात बसलेला हा प्राणी ओताऱ्यानं धातूत उतरवला असणार. दौलताबादला मेंढा तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. म्हणजे जनावराचं रूप तोफेला देण्याची इथं रीतच होती.

आता धातू. मलिक-ए-मैदान सोन्याची नाही, चांदीची नाही. सुमारे चार भाग तांबं आणि एक भाग कथील, म्हणजे चक्क घंटेचं कासं. खेळाच्या भाषेत ब्राँझ, मधल्या पायरीवरचा. पण तेव्हाच्या आपल्याकडच्या भट्टीला तोफेएवढं लोखंड वितळवणं झेपत नव्हतं. लोखंडी तोफ करायची तर पट्ट्या जोडायच्या आणि वरून तापवलेली कडी चढवायची. अशी नळी सांध्याशी फुटली की गोलंदाजच उडायचे. तांब्यात कथील घातलं की ते कमी आचेवर वितळतं, साच्यात सरळ धावतं आणि आख्खी नळी एकसंध निघते. तोफेसाठी कथील साधारण दहावा हिस्सा पुरतं. इथं ते दुप्पट आहे. त्यानं धातू कडक होतो, ठणठणीत वाजतो, पण ठिसूळही होतो. ठिसूळपणाची भरपाई रूमीनं जाडीनं केली असावी: तोफेचा व्यास जवळजवळ दीड मीटर, त्यात नळीचं भोक निम्म्याहून कमी. सराफाची रांग इथं कामाची नव्हती. जो धातू भट्टीत वितळेल आणि दारूचा दणका सोसेल, तो राजा.

पुढं ती परंड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला. शेकडो बैल आणि दहा हत्ती जुंपले होते असं सांगतात. तिच्या जोडीची 'कडक बिजली' नावाची तोफ वाटेत नदीत बुडाली, अशीही कथा आहे. विजापूर पडल्यावर औरंगजेबानं आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरवला. १८५४ मध्ये इंग्रजी अमलात ती मोडीत निघाली आणि लिलावात १५० रुपयांना गेली. टनाला तीन रुपयेसुद्धा पडले नाहीत. नंतर तो व्यवहार रद्द झाला आणि तोफ विजापूरच्या शेर्झा बुरुजावर राहिली.