थांबवता येणारा वर्ग : अभियंत्यांच्या दूरशिक्षणाचा इतिहास

#थ्रेड

१/ ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घ्यावी, की जवळच्या विद्यापीठात प्रत्यक्ष वर्गात बसावे? अभियंत्यांपुढचा हा पेच इंटरनेटने निर्माण केलेला नाही. तो त्याहून बराच जुना असून त्याचे एक उत्तर १९७७ सालीच छापून आले होते.

२/ दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाभोवती इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहू लागले. अभियांत्रिकीचे अधिष्ठाता फ्रेडरिक टर्मन यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात तेथील अभियंत्यांना नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय झाली. मात्र ज्याला वर्ग गाठता येई, त्यालाच तिचा लाभ होता.

३/ १९६७ : कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने 'सर्ज' हा उपक्रम आरंभला. वर्गातील व्याख्याने चित्रफितींवर मुद्रित होऊन कंपन्यांकडे जाऊ लागली.
१९६९ : स्टॅनफर्डने सूक्ष्मलहरींद्वारे वर्गांचे थेट प्रक्षेपण सुरू केले. कंपनीत बसलेला अभियंता प्राध्यापकांना तेथूनच प्रश्न विचारू शकत असे.

४/ ह्युलेट-पॅकार्डचा सांता रोझा येथील कारखाना मात्र या प्रक्षेपणाच्या टप्प्याबाहेर होता. विद्यापीठ शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेथील अभियंत्यांपुढे नोकरी की पदवी, असा प्रश्न उभा राहिला. प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी त्यातून तिसरी वाट काढली.

५/ व्याख्यानाची फीत सांता रोझाला जाई. काही अभियंते एकत्र बसून ती पाहत. सोबत एक मार्गदर्शक असे. तो प्राध्यापक नसून कारखान्यातीलच अभियंता होता. कोणाला शंका आली की फीत थांबवायची, चर्चा करायची आणि मग पुढे जायचे. गृहपाठ व परीक्षा मात्र विद्यापीठातल्याच.

६/ गिबन्स आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. फितीवर शिकलेल्या या अभियंत्यांची कामगिरी प्रत्यक्ष वर्गातील विद्यार्थ्यांहून उणी नव्हती. उलट सरस ठरली. भर वर्गात प्राध्यापकांना थांबवण्याचा संकोच अनेकांना वाटतो. फीत थांबवताना तो उरत नाही.

७/ २०१४ मध्ये जॉर्जिया टेकने संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन आणली. एकूण शुल्क सुमारे ७,००० डॉलर. अर्थशास्त्रज्ञांनी तिच्या अर्जदारांचा अभ्यास केला, तेव्हा ते प्रत्यक्ष वर्गाच्या अर्जदारांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी मोठे आढळले. हा अभ्यासक्रम नसता, तर त्यांतील बहुतेकांनी अन्यत्र प्रवेशच घेतला नसता.

८/ सांता रोझाचे अभियंते निवडक होते, नोकरीत स्थिरावलेले होते आणि कंपनी त्यांच्या पाठीशी होती. म्हणून तो निकाल सरसकट सर्वांना लावता येत नाही. तरी आज अभ्यासक्रम निवडणाऱ्याने शुल्क आणि अंतर यांच्या जोडीला एक प्रश्न अवश्य विचारावा : अडले की थांबून चर्चा करायला सोबत कोण असेल?

#इतिहास #अभियांत्रिकी