गोणपाटावरची फुले

गालिचा म्हटला की आपल्याला इराण आठवते, काश्मीर आठवते, बादशहांचे महाल आठवतात. पण चिंध्यांतून जन्मलेल्या गालिच्याची बखर कोण लिहिणार? उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मेनपासून न्यूफाउंडलंड-लॅब्रॅडॉरपर्यंत, एकोणिसाव्या शतकात असा एक गालिचा गरिबांच्या घरात वाढला. त्याचा पट मात्र आपल्या ओळखीचा आहे. बंगालच्या पाण्यात कुजवलेला ताग स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांत जाई. १८५५ पासून तो कलकत्त्याजवळ रिश्रा येथेही कातला जाऊ लागला. त्याचे गोणपाट पोत्यांच्या रूपाने समुद्रापलीकडच्या कोळ्यांच्या घरांत शिरले.

रिकामे पोते उसवावयाचे, लाकडी चौकटीवर ताणावयाचे आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या अरुंद पट्ट्या कापावयाच्या. हत्यार एकच: मुठीत बसवलेली आकडी, तीही पुष्कळदा खिळा घासून घरीच केलेली. डावा हात पटाखाली पट्टी धरतो. उजवा हात आकडीने गोणपाटाच्या छिद्रातून तिचा फास वर ओढतो. गाठ नाही, टाका नाही. फासांची दाटी हाच त्यांचा आधार. आपली गोधडी आणि हा गालिचा यांना मावसबहिणी म्हणावे; दोघींचे माहेर चिंध्यांचेच.

या कामात बाजार शिरला तो नक्षीच्या वाटेने. मेनमधील बिडफर्डचा एडवर्ड फ्रॉस्ट हा फेरीवाला. १८६८ च्या सुमारास त्याने पत्र्याचे छाप कापून गोणपाटावर फुले, प्राणी छापून विकण्यास आरंभ केला. चित्र काढता न येणाऱ्या बायकांची सोय झाली खरी. पण आपल्या दारातले मांजर आपल्या हाताने, वाकडे का होईना, रेखाटण्याची चालही त्यामुळे मागे पडू लागली.

पुढचा अध्याय न्यूफाउंडलंडचा. तेथील कोळी व्यापाऱ्याकडून उधारीवर माल घेई आणि मासळी देऊन ती फेडी. रोख पैसा क्वचितच दिसे. १८९२ साली डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल तेथे आले. १९०६ साली सेंट अँथनी येथे जेसी ल्यूथर या अमेरिकन बाईंनी हस्तव्यवसायाचे काम सुरू केले. हिवाळ्यात गालिचे करण्याची चाल तेथे होतीच. मिशनने तिला गिऱ्हाईक मिळवून दिले. १९२० नंतरच्या दशकाअखेरीस शहरांतील स्त्रियांचे फाटके रेशमी मोजे मागवून, रंगवून वापरले जाऊ लागले. हिमअस्वले, कुत्र्यांच्या घसरगाड्या, शिडांच्या होड्या! उत्तम नमुन्यात एका चौरस इंचात सुमारे २०० फास असत.

या कामाने अनेक घरांची चूल पेटती ठेवली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मोबदला पुष्कळदा कपड्यांच्या रूपाने मिळे आणि गालिच्यामागच्या चिठ्ठीवर नाव असे ते ग्रेनफेलचे, करणारीचे नव्हे. आज तेच गालिचे संग्रहालयांत भिंतीवर मानाने टांगलेले आहेत. नक्षी कोणाची, मिशन कोणाचे, हे तेथे सांगता येते. फास ओढणारा हात कोणाचा, हे बहुधा सांगता येत नाही. आपल्या घरातल्या गोधड्यांवरही कुठे नाव असते? पण निदान त्या घरात, पांघरूण ओढून घेताना, ती कोणी शिवली हे मुलांना ठाऊक असते. विकल्या गेलेल्या गालिच्याच्या नशिबी तेवढेही आले नाही.