खाजणातला हिस्सा

गणपतीला गावी गेलो तेव्हा काकांनी विषय काढला. कालावल खाडीच्या काठची आमची सामायिक खाजण जमीन विकूया का? बांध फुटलाय, खारं पाणी आत शिरतं, भात होत नाही. मी पुण्यात कोड लिहितो. सातबाऱ्यावर नाव आहे, एवढाच माझा शेतीशी संबंध. ‘हो’ म्हणणं सोपं होतं.

पण आमची कुलदेवता गोव्यात, फोंड्याला. ‘आपण थयसून पळान इलो,’ आजी सांगायची. कशापासून पळालो, हे मी कधी विचारलंच नाही. यंदा वाचायला घेतलं.

१५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकला. शिपायांची लग्नं त्याने इथल्या बायकांशी लावून दिली, त्यांना जमिनी दिल्या आणि वसाहत रुजवली. भात पिकवणारी, कर भरणारी गावं मात्र आधीचीच होती. तिथली जमीन गावकर घराण्यांची सामायिक. ती खंडाने द्यायची, त्यातून सरकारचा ठरलेला भरणा, देवळाचा आणि बांधाचा खर्च भागवायचा, उरलेलं गावकरांत वाटायचं. ही गावकरी पोर्तुगीजांनी मोडली नाही. उलट १५२६ च्या ‘फोराल’ नावाच्या सनदेत तिचे रिवाज लिहून घेतले. कारण उघड आहे. खाजण भरतीच्या पातळीखाली असतं. बांध एका ठिकाणी फुटला तरी सगळ्यांचं शेत खारावतं, म्हणून ते एकट्याने राखता येत नाही. चालू सिस्टमला हात लावू नये, हे त्यांनाही कळत होतं.

हात लावला तो देवळाच्या खात्याला. १५४१ मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवलं. पुजारी, भाविणी, वाजंत्री ज्यावर जगत, तोच हा पैसा. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आले. १५६० च्या दशकात साष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे फोंड्यात गेले, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीज सत्ता नव्हती. गाव सोडणाऱ्यांच्या जमिनी जप्त करण्याचे हुकूमही निघाले.

म्हणजे बाप्तिस्मा घेऊन राहिलात तर गावकरीतला हिस्सा टिकणार. निघालात तर देव सोबत, जमीन मागे. शाळेत असताना मला वाटायचं, निघाले ते शूर आणि राहिले ते घाबरट. आता तसं म्हणवत नाही. आज्याने चिखल वाहून घातलेला बांध सोडून जाणं सोपं नसणार. आणि पुढे ख्रिस्ती झालेलीही कितीतरी कुटुंबं सावंतवाडीकडे आलीच की.

आमच्यातले निघाले. इकडे येऊन त्यांनी पुन्हा खाजणच धरलं, ही गंमत मला उशिरा कळली.

काकांना अजून उत्तर दिलेलं नाही. परवा फोनवर विचारलं, बांध घालायला माणसं किती लागतील?

‘बारा तरी व्हयी,’ ते म्हणाले. ‘वाडीत आता चार आसत. तू धरून पाच.’