एकाच चकतीच्या चिपा : प्रोसेसरच्या प्रतवारीचा इतिहास

आमच्या कुही-मांढळ भागात मिरचीचे सातरे आहेत. तिथे बाया देठ खुडतात, माल निवडतात. मिरची एकाच वावरातली असली तरी निवडल्यावर ढीग वेगळे पडतात आणि भावही वेगळे मिळतात. संगणकाच्या प्रोसेसरचा इतिहास चाळताना मला हीच निवड पुन्हा पुन्हा दिसत गेली.

सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकाच आराखड्याने घडवतात. तरी थरांच्या जाडीत, रेषांच्या रुंदीत सूक्ष्म फरक राहतोच. म्हणून प्रत्येक चिप तपासतात : किती वेगाने, किती व्होल्टेजवर ती बिनचूक चालते? त्यावरून तिचा आकडा ठरतो. यालाच बिनिंग म्हणतात. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातले टी-८०० जातीचे ट्रान्सप्युटरही इन्मॉस कंपनी २०, २५ मेगाहर्ट्झ अशा प्रतींत विकत असे.

पण आकडा नेहमी कुवतच सांगतो असे नाही. त्याच १९९१ मध्ये इंटेलने ‘४८६ एसएक्स’ स्वस्तात आणला. सुरुवातीच्या एसएक्समध्ये दशांशी गणिताचा भाग चिपेवर होताच, फक्त तो बंद करून ठेवलेला होता. स्वस्त मालाला मागणी असली की चांगली चिपही खालच्या प्रतीत जाते.

ही फट हौशी लोकांनी हेरली. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक ठरावीक गुणक. छाप खोडून मोठा आकडा टाकणारे भामटेही नव्वदच्या दशकात निघाले होते आणि इंटेलने गुणकाला कुलूप लावले होते. बस मात्र मोकळी राहिली. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या ‘सेलेरॉन ३००-ए’चा गुणक साडेचार होता. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० वर धावे. त्यातल्या पुष्कळ चिपा हा वेग सहज पेलत आणि कितीतरी महागड्या ‘पेन्टियम टू ४५०’च्या पंक्तीला बसत. हेच ओव्हरक्लॉकिंग.

मात्र हे फुकट मिळत नाही. वेगासाठी व्होल्टेज वाढवले की वीज त्याच्या वर्गाच्या पटीत खर्च होते आणि चिप तापते. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. तो चालू राहून चुकीचा हिशेब देऊ लागला, तर ते लगेच उमगतही नाही.

२००८ नंतर टर्बो बूस्टमुळे उष्णता सोसेल तितका वेग प्रोसेसर आपणच वाढवू लागला. हौशी लोकांच्या वाट्याची ती शिल्लक कंपनीने स्वतःच्या मालात धरली. त्यामुळे एकाच नावाचा प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप, एकाचा पंखा बरा आणि दुसऱ्याचा कमजोर म्हणून, वेगळे चालतात. दुकानात पैसे मोजणाऱ्याला मात्र दोन्हींवर एकच आकडा दिसतो.