मिठाचें बोलणें

गोड बोलावें हें आपणांस लहानपणींच शिकविलें जातें. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवतांना आपण तें एकमेकांस सांगतोंहि. परंतु संत पौलानें कलस्सै येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्रांत सौजन्याच्या भाषणाला जी उपमा दिली, ती साखरेची नाहीं, मिठाची आहे. मीठ अन्नाला रुचि आणतें, त्याला नासूं देत नाहीं, आणि जखमेवर पडलें तर झोंबतेंहि. ही अपेक्षा प्रत्यक्ष आचरणांत कशी उतरली, हें पाहावयाचें तर अठराव्या शतकांतील अमेरिकेंत, न्यू जर्सी प्रांतांतील एका शिंप्याकडे वळावें लागतें.

त्याचें नांव जॉन वुलमन. जन्म १७२० चा. तो क्वेकर पंथाचा होता. या पंथाची वाणीविषयींची शिस्त कडक असे. शपथ घ्यावयाची नाहीं, खोटी स्तुति करावयाची नाहीं, आणि धनी असो वा नोकर, सर्वांना एकाच एकवचनानें संबोधावयाचें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर सरसकट ‘तूं’. लोकांना हा उद्धटपणा वाटे. पण देवाला आपणहि ‘तूं’च म्हणतों; त्यांत अनादर नसतो. मनुष्यांत उच्चनीच नाहीं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. मात्र असें बोलणाऱ्या या पंथाच्याच अनेक सधन घरांतून आफ्रिकन गुलाम राबत होते. जिभेवरची समता दाराशींच थांबली होती.

ही विसंगति पाहून चिडलेला पहिला मनुष्य वुलमन नव्हे. बेंजामिन ले या क्वेकरानें १७३८ सालीं बर्लिंगटन येथील वार्षिक सभेंत एका पोकळ केलेल्या ग्रंथांत तांबड्या रसाची पिशवी लपवून नेली, तीत तलवार खुपसली, आणि तो रक्तासारखा रस गुलामांच्या धन्यांवर उडविला. त्याला सभेबाहेर काढण्यांत आलें. त्याचा संताप खरा होता. पण सभेचें मन त्या दिवशीं पालटलें नाहीं.

वुलमनची रीत निराळी होती. विशी नुकतीच उलटली असतां त्याच्या मालकानें त्याला एका गुलाम स्त्रीचें विक्रीखत लिहावयास सांगितलें. त्यानें तें लिहिलें; परंतु मन इतकें अस्वस्थ झालें कीं, ही चाल ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें त्यानें मालकासमोर आणि खरेदीदारासमोर सांगून टाकलें. पुढें एकदां एका जखमी शेजाऱ्यानें त्याला रक्त काढण्यासाठीं व मृत्युपत्र लिहिण्यासाठीं बोलाविलें. वुलमननें रक्त काढलें, मृत्युपत्र लिहिलें. मात्र एक तरुण गुलाम मुलगी वारसास देण्याचें कलम तेवढें गाळलें, मोबदला घेतला नाहीं, आणि कारण स्नेहानें समजावून सांगितलें. थोडा वेळ बोलणें झालें. अखेर शेजारी तिला मुक्त करण्यास कबूल झाला, आणि मृत्युपत्र पुरें झालें.

१७५७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत ज्या घरीं त्याचा पाहुणचार गुलामांनीं केला, तेथून निघतांना तो त्यांच्या कष्टाबद्दल चांदीचीं नाणीं देई. कधीं त्यांच्या हातीं, कधीं घरधन्यामार्फत. यजमानाला तें लागत असेल. पण वुलमननें त्याला शिवी दिलेली नव्हती, स्वतःच्या अंगावरचें ऋण फेडलें होतें. १७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरीं जाऊन त्यांच्याशीं बोलण्यासाठीं कांहीं मंडळी नेमली. त्यांत वुलमन होता. तो १७७२ सालीं इंग्लंडांत, यॉर्क येथें देवीच्या रोगानें वारला. १७७६ सालीं त्याच सभेनें गुलाम न सोडणाऱ्यांस सभासदत्वांतून दूर करण्याचें ठरविलें.

हें सारें एका मृदु वाणीचें फळ, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ले याच्या संतापाचाहि त्यांत वांटा होता. आणि जे साखळदंडांत होते, त्यांना ही अठरा वर्षें मोजावीं लागलीं, हें विसरतां येत नाहीं. तरीहि वुलमनपासून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. समोरच्याला बरें वाटावें म्हणून सत्य गिळणें हें सौजन्य नव्हे. तें साखरेचें बोलणें. सत्य सांगून त्याला पायदळीं तुडविणें हेंहि नव्हे. तें जखमेवर मीठ चोळणें. ज्याची चूक दाखवावयाची त्याच्या घरीं जावें, त्याची शुश्रूषा करावी, आपला मोबदला सोडावा, आणि मग नाहीं म्हणावें. बोलण्याची किंमत प्रथम बोलणारानें दिली, म्हणजे ऐकणाराला दार लावून घेणें कठीण जातें.