फाशीसाठी केलेला गुन्हा

१५ मे १८०० च्या रात्री लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात राजा तिसरा जॉर्ज आपल्या कक्षात येऊन प्रेक्षकांना अभिवादन करीत होता. इतक्यात खालच्या बाकावर उभे राहून एकाने त्याच्यावर पिस्तूल झाडले. नेम चुकला. झाडणारा जेम्स हॅडफिल्ड. पोटासाठी चांदीकाम करणारा कारागीर आणि त्यापूर्वी घोडदळातला शिपाई.

१७९४ साली फ्रेंचांशी झालेल्या तुर्क्वांच्या लढाईत त्याच्या डोक्यावर तलवारीचे अनेक घाव बसले होते. माणूस जगला, परंतु पूर्वीचा राहिला नाही. वेडाचे झटके येऊ लागले तसे लष्कराने त्याला घरी पाठविले. आपण मेल्याने जगाचा उद्धार होणार, अशी त्याची समजूत झाली. पण आत्महत्या हे पाप! तेव्हा सरकारनेच आपल्याला मारावे; आणि राजावर गोळी झाडली की सरकार ते काम बिनचूक करील, असा त्याने हिशेब केला. हिशेब बरोबरच होता. बिघाड होता तो मुळातल्या समजुतीत.

२६ जूनला राजद्रोहाचा खटला उभा राहिला. ज्याने पिस्तूल मिळविले, जागा हेरली, तो वेडा कसा, असा सरकारपक्षाचा सरळ सवाल होता. वेडा म्हणजे ज्याला स्मृती नाही आणि समजही नाही असा माणूस, ही तोवरची कायद्याची कल्पना. हॅडफिल्डचे वकील टॉमस अर्स्किन यांनी तीच खोडून काढली. असे वेडे फार थोडे. पुष्कळ वेडे चतुराईने बोलतात, वागतात, मात्र एका भ्रमाने पछाडलेले असतात, हा त्यांचा मुद्दा. शल्यवैद्याने घावांचा मेंदूवरील परिणाम सांगितला. ज्यूरीपुढे त्या जखमाच मांडण्यात आल्या. अखेर न्यायमूर्ती लॉर्ड केन्यन यांनी खटला मध्येच थांबविला आणि हॅडफिल्ड निर्दोष ठरला.

आम्ही कारखान्यांतील चौकश्यांत कामगारांच्या बाजूने बसत आलो आहोत. डोक्याला मार लागून कामावर परतलेला माणूस वर्षभराने मुकादमावर धावून जातो, तेव्हा आरोपपत्रात ‘उद्धट वर्तन’ एवढेच येते. अपघाताची नोंद दुसऱ्याच फायलीत पडलेली असते. हॅडफिल्डला निदान जखमा पाहणारे बारा जण मिळाले. (राजावर गोळी झाडली म्हणून मिळाले, हेही खरे.) मात्र डोक्याला इजा झालेले बहुसंख्य लोक कधीच गुन्हा करीत नाहीत, हे विसरून चालणार नाही. तुरुंगांत मात्र असे इजा झालेले बाहेरच्यापेक्षा पुष्कळ अधिक आढळतात. आणि दारू, दारिद्र्य, मारहाण ही इजेचीही कारणे असतात व गुन्ह्याचीही, त्यामुळे गुंता सहज सुटत नाही.

निर्दोष ठरलेला हॅडफिल्ड घरी गेलाच नाही. पार्लमेंटने त्याच उन्हाळ्यात घाईने कायदा केला : वेडामुळे सुटलेल्यास राजाची मर्जी असेतोवर डांबून ठेवावे. १८०२ साली तो बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळातून पळाला, डोव्हरला पकडला गेला, आणि १८४१ मध्ये बेथलेममध्येच कोंडलेल्या अवस्थेत मेला.

दोनच वर्षांनी, मॅकनॉटन खटल्यानंतर, इंग्लंडच्या न्यायाधीशांनी नवे नियम घालून दिले. त्यांचीच कसोटी १८६० च्या आपल्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात उतरली, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात आहे. आपण काय करतो, किंवा ते चूक अगर बेकायदा आहे, हे जाणण्यास आरोपी वेडामुळे असमर्थ होता काय? हॅडफिल्डला ते पक्के ठाऊक होते. बेकायदा होते, म्हणून तर त्याने ते केले. या कलमापुढे त्याला उभे केले, तर अर्स्किननी काय युक्तिवाद केला असता?